दुतोंड्या मारुती आणि आठ डीकेएच

गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की नाशिककर एकमेकांना क्युसेकचे आकडे विचारत नाहीत. "मारुतीला कुठवर आलंय?" एवढंच विचारतात. गुडघे, कंबर, छाती, गळा. नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर कुणी मीटरच्या खुणा कोरलेल्या नाहीत, तरी "कमरेला लागलं" म्हटल्यावर सराफ बाजारातला दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवायला लागतो. मारुती जागचा हलत नाही आणि बघणारे सगळे त्याच मारुतीकडे बघत असतात, म्हणून हे जमतं.

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या, मासे-प्रवाळ ठेवायच्या टँकची अल्कलिनिटी मोजताना असा मारुतीच नसतो. आज दुपारी खिडकीपाशी चाचणी केली, परवा रात्री टँकच्या निळ्या दिव्याखाली. किटची बाटली मधेच बदलली. एकदा डोस टाकण्याआधी मोजलं, एकदा नंतर. मग ८.३ आणि ७.६ यांतलं खरं काय यावर डोकं खाजवायचं, आणि शेवटी न राहवून पाण्यात सोडा घालायचा. टँकमध्ये काही बिघडलेलंच नव्हतं, बिघडलं होतं ते मोजणं. या छंदातले निम्मे उपद्व्याप असेच सुरू होतात, असं माझं मत आहे.

अल्कलिनिटी म्हणजे काय हे रसायनाच्या पुस्तकापेक्षा निफाड-दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार चांगलं सांगेल, फक्त तो हा शब्द वापरणार नाही. जीएची (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाची) फवारणी करायची तर पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेपाच-सहाच्या आसपास आणावा लागतो. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये तो सायट्रिक ॲसिड किंवा युरिया फॉस्फेट टाकत जातो. धरणाच्या पाण्याचा सामू पटकन उतरतो. बोअरचं पाणी मात्र आम्ल पीत राहतं आणि सामू हलत नाही. सुरुवातीला दोन्हींचा सामू सारखाच असला तरी. काळ्या कातळातून आलेल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असतं, तेच आम्ल खातं, आणि तेच पुढे ठिबकच्या तोट्यांवर पांढरं होऊन बसतं. पाणी किती आम्ल पिऊ शकतं, याचं माप म्हणजे अल्कलिनिटी. सामू ही पाण्याची आत्ताची अवस्था, अल्कलिनिटी ही त्याची पोटातली ताकद. हाताने करायच्या सगळ्या केएच, म्हणजे अल्कलिनिटीच्या, किट हेच करतात: ठरावीक पाण्यात थेंब थेंब आम्ल टाकायचं, सामू ४.५ च्या आसपास आला की दर्शकाचा रंग पालटतो, आणि तोवर किती आम्ल गेलं ते वाचायचं.

एककांचा घोळ एकदाच मिटवून टाकू. आपल्याकडे डीकेएच चालतं, म्हणजे कार्बोनेट कठीणतेचे जर्मन अंश. १ डीकेएच म्हणजे १७.८५ पीपीएम कॅल्शियम कार्बोनेट. २.८ डीकेएच म्हणजे लिटरला १ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजेच ५० पीपीएम. खुल्या समुद्राचं पाणी ७ डीकेएचच्या जवळपास असतं. प्रवाळांच्या टँकमध्ये बहुतेक जण ८ ते ९ च्या दरम्यान राहतात, काही ११ पर्यंत जातात. यांतला कुठलाही आकडा चालतो. तो आठवड्यात दोनाने वरखाली झाला, तर चालत नाही.

कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडून सगळे याच एका चाचणीमागे का लागतात, त्यामागे साधा हिशेब आहे. प्रवाळ आणि कोरलाइन शेवाळ सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरलेल्या प्रमाणात उचलतात: २.८ डीकेएच गेलं की कॅल्शियम २० पीपीएमने उतरतं. कॅल्शियम ४२० वरून ४०० वर आलं तर घट जेमतेम पाच टक्के, घरगुती किटच्या चुकीत ती सहज हरवते. त्याच काळात अल्कलिनिटी ८ वरून ५.२ वर आलेली असते. टँकमध्ये काय चाललंय ते अल्कलिनिटी आधी सांगते. (दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरून उचलून आणलेला तुकडा टँकमध्ये ठेवणं हा छंद नाही, गुन्हा आहे. पण काच आणि दगड जांभळे करणारं कोरलाइन शेवाळसुद्धा अल्कलिनिटी खातं, तेव्हा मोजणं काही सुटत नाही.)

नुसते मासे असलेल्या टँकमध्येही ती उतरते, फक्त वाट वेगळी. माशांनी पाण्यात सोडलेला अमोनिया जिवाणू नायट्रेटपर्यंत नेतात तेव्हा आम्ल तयार होतं. नायट्रेट ५० पीपीएमने वाढलं की सुमारे २.३ डीकेएच गेलेलं असतं.

आता प्रत्यक्ष हातातली कुपी. सॅलिफर्टसारखी सिरिंजची किट घेऊ, कारण तिच्यातल्या चुका डोळ्यांना दिसतात. चार मिलिलिटर टँकचं पाणी, त्यात कागदावर सांगितलेले दर्शकाचे थेंब, आणि एक मिलिलिटरच्या सिरिंजमधून आम्ल. आख्खी सिरिंज रिकामी झाली तर जवळपास १६ डीकेएच. म्हणजे सिरिंजवरची सगळ्यात बारीक रेघ, ०.०१ मिलिलिटर, ही ०.१६ डीकेएचची. टोकाच्या प्लॅस्टिक नळीतून पडणारा एक थेंब साधारण दोन-तीन रेघांचा असतो. तेव्हा "माझी किट ७.८४ दाखवते" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्यावं.

पहिली चूक पाणी घेतानाच होते. ४ ऐवजी ४.१ मिलिलिटर आलं की अडीच टक्के गेले, आठावर ०.२ डीकेएच. किटमधली मोठी सिरिंज भरताना दट्ट्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो. तो घालवायला आधी थोडं जास्त ओढायचं, सिरिंज उभी धरून टिचकी मारायची, बुडबुडा वर आला की ढकलून बाहेर काढायचा आणि मग खुणेपर्यंत यायचं. आपली सिरिंज खरी आहे का, हे तपासणं सोपं आहे. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा हल्ली ऑनलाइन स्वस्तात मिळतो. रिकामी कुपी ठेवून काटा शून्य करायचा, सिरिंजने ४ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी सोडायचं. ४.०० ग्रॅमच्या जवळ आलं तर ठीक. पाच-सहा वेळा करून पाहा. सिरिंजपेक्षा आपला हातच जास्त हलतो, हे बहुतेक वेळा इथेच उघड होतं.

आम्लाच्या लहान सिरिंजमध्ये भरल्यावर दट्ट्याखाली थोडी हवा राहते, आणि नवखे तिला घाबरतात. ती टोकाच्या नळीतली हवा असते आणि शेवटपर्यंत तशीच राहते. वाचन द्रवाच्या पातळीवर घ्यायचंच नसतं, काळ्या दट्ट्याच्या कडेवर घ्यायचं असतं. मात्र दट्ट्याला दोन कडा असतात. सुरुवात ज्या कडेने केली तिनेच शेवट. एकदा वरची, एकदा खालची असं झालं की घोटाळा झालाच.

मग रंग. आम्ल पडायला लागलं की निळसर हिरवं पाणी बराच वेळ ढिम्म हलत नाही. थेंब पडतो तिथे गुलाबी धागा दिसतो आणि हलवला की विरतो. जसजसं जवळ येतं तसतसा तो धागा विरायला वेळ घेऊ लागतो. इथून पुढे घाई नको. एक थेंब, दहा सेकंद गोल फिरवणं, पुन्हा एक. मधे एक मळकट करडी छटा येते, धुतलेल्या पाटीसारखी, आणि पुढच्या थेंबाला नारिंगी-गुलाबी. करडं म्हणजे शेवट की गुलाबी म्हणजे शेवट? किटचा कागद बहुधा पक्क्या गुलाबीकडे बोट दाखवतो. माझं म्हणणं एवढंच की जे ठरवाल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि त्यावरून हलू नका. शेवटाकडे पूर्ण थेंब न सोडता नळीच्या टोकाला अर्धा थेंब लोंबू द्यायचा आणि तो कुपीच्या आतल्या भिंतीला टेकवून पाण्यात उतरवायचा. ०.१ ते ०.२ डीकेएच इथेच वाचतं.

रंग बघायचा तो पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात किंवा पांढऱ्या एलईडीखाली. टँकच्या निळ्या दिव्याखाली कधीच नाही. त्या उजेडात गुलाबी जांभळं दिसतं, हिरवं निळं दिसतं, आणि माणूस दोन थेंब जास्त टाकून मोकळा होतो. शेजारी तुलनेला एक कुपी ठेवली की डोळ्यांचं काम निम्मं होतं: तेवढंच पाणी, तेवढाच दर्शक, आणि मुद्दाम जास्त आम्ल टाकून पुरी गुलाबी केलेली.

कधी कधी असं होतं की गुलाबी झालेलं पाणी मिनिटभराने परत हिरवट होतं. आणखी थेंब टाकला तर पुन्हा तेच. वाटतं किट खराब झाली. बहुतेक वेळा कुपीत वाळू गेलेली असते. टँकच्या तळाची वाळू म्हणजे ॲरागोनाइट, शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, आणि ती आम्लात विरघळते. ०.१ मिलिग्रॅमचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा कण चार मिलिलिटरमध्ये पूर्ण विरघळला तर वाचन १.४ डीकेएचने फुगतं. काच घासल्यावर, वाळू हलवल्यावर किंवा पंप साफ केल्यावर लगेच पाणी काढलं की हेच होणार. त्यासाठी पाणी पृष्ठभागाच्या बोटभर खालून, वाहत्या जागेतून काढायचं. सम्पमध्ये (टँकखालच्या गाळणीच्या टाकीत) डोसिंगची नळी जिथे पडते तिथून तर नाहीच. शंका आलीच तर पाणी तासभर झाकून ठेवून निवळू द्या आणि वरचं घ्या. तासाभराने अल्कलिनिटी बदलत नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरला किंवा निघून गेला तर सामू बदलतो, अल्कलिनिटी तिथेच राहते.

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबायला हवं, कारण डिसेंबरात नाशिकमध्ये टँकवाल्यांची एक ठरलेली चूक होते. थंडी पडली की दारं-खिडक्या बंद होतात, घरात माणसं, गॅस पेटलेला, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टँकचा सामू ८.२ वरून ७.८ वर येतो. मग "बफर" म्हणून सोडा टाकला जातो. सामू संध्याकाळपुरता वर जातो आणि सकाळी पुन्हा खाली येतो, कारण हवा तीच आहे. अल्कलिनिटी मात्र दर वेळी चढत राहते आणि आठवड्यात १२ होते. कमी खाद्यावर चाललेल्या टँकमध्ये तेवढ्याने प्रवाळांची टोकं पांढरी पडू शकतात. इलाज होता खिडकी उघडणं.

कुपी धुण्याबद्दल कुणी फार बोलत नाही. मागच्या चाचणीचं आम्ल कुपीत राहिलं तर पुढचं वाचन कमी येतं. नळाच्या पाण्याने धुवून तसंच वापरलं तर गंगापूर धरणाच्या पाण्याची स्वतःची अल्कलिनिटी त्यात मिसळते. डिस्टिल्ड पाण्याचे थेंब राहिले तर नमुना पातळ होतो. म्हणून चाचणी झाली की नळाखाली आणि मग डिस्टिल्ड पाण्याने धुवायची, आणि पुढच्या वेळी मोजण्याआधी टँकच्याच पाण्याने तीनदा विसळायची. विसळलेलं पाणी टँकमध्ये परत नको.

पुढची गोष्ट इथे अकरावी-बारावी सायन्स केलेल्या प्रत्येकाने एकदा तरी केलेली आहे, आणि टँकपाशी नेमकी तीच कुणी करत नाही. जर्नलमध्ये आधी पायलट रीडिंग असायचं, ढोबळ. मग पहिलं, दुसरं, तिसरं वाचन, आणि दोन वाचनं जुळली की सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. एका वाचनावर कुठल्याही सरांनी सही केली नसती. टँकसाठीही तेच. पहिल्या चाचणीने ७.५ ते ८.५ असा पट्टा कळला की दुसरी करायची: बरंचसं आम्ल एकदम, शेवटचा भाग अर्ध्या अर्ध्या थेंबाने. दोन वाचनांत ०.२ पेक्षा जास्त फरक पडला तर तिसरी. किट महाग आहे म्हणून एकदाच करणारे लोक पुढे त्याच पैशाचा दहापट सोडा आणि मीठ वाया घालवतात.

सीबीआर जुळला म्हणजे हात बसला. पण हात बसूनही किटच चुकीची असेल तर? म्हणजे मारुतीच एक फूट खचलेला असेल तर? यासाठी घरच्या घरी प्रमाण-द्रावण करता येतं, आणि या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात समाधान देणारं काम हेच वाटतं, कारण त्याचं गणित फार सुरेख बसतं. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, रेणुभार ८४. लिटरला ३० मिलिग्रॅम म्हणजे बरोब्बर १ डीकेएच. २.४० ग्रॅम सोडा एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवला की ८० डीकेएचचं घट्ट द्रावण झालं. त्यातलं ५० मिलिलिटर घेऊन शुद्ध पाण्याने ५०० केलं की ८ डीकेएच. थेट ०.२४ ग्रॅम तोलायच्या फंदात पडू नका. ०.०१ चा काटा तिथे चार टक्के चुकतो, २.४० वर चारदशांश टक्के. मोजपात्राचाही भरवसा नसेल तर तोलूनच करा, पाण्याचा एक मिलिलिटर जवळजवळ एक ग्रॅमच असतो.

सोडा ताज्या, न फोडलेल्या पाकिटातला. बेकिंग पावडर नाही, तिच्यात मक्याचं पीठ आणि आम्लाचे क्षार असतात. धुण्याचा सोडाही नाही. डब्यात ओलसर होऊन गोळे झालेला सोडा वजनात फसवतो. पाण्याचंही तसंच. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी शुद्ध नसतं, चवीसाठी त्यात क्षार मुद्दाम राखलेले किंवा परत मिसळलेले असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी बरं, पण तेही तपासून: त्याच पाण्याची केएच चाचणी करा, पहिल्याच थेंबाला रंग पालटला पाहिजे.

आता हे आठाचं द्रावण किटने मोजायचं. ८.० आलं तर उत्तम. ८.६ आलं तर किट साडेसात टक्के जास्त दाखवते आहे, मग टँकचं ८.३ हे खरं ७.७. बाटलीवर मार्करने "×०.९३" लिहून टाकायचं, बाटली फेकून द्यायची गरज नाही. उन्हाळ्यात झाकण नीट न लागलेल्या आम्लाच्या बाटलीतून पाणी उडतं, आम्ल तेज होतं आणि किट कमी दाखवू लागते. म्हणून ही तपासणी बाटली नवी असताना एकदा आणि मग दर महिन्या-दोन महिन्यांनी.

डिजिटल तपासनीसांचं इथे थोडं वेगळं आहे. हॅनाच्या खाऱ्या पाण्याच्या अल्कलिनिटी चेकरमध्ये १० मिलिलिटर पाणी भरून आधी शून्य करायचं, मग १ मिलिलिटर अभिकर्मक टाकून हलक्या हाताने पाचेक वेळा उलटसुलट करायचं आणि वाचायचं. तो आम्ल थेंबाने मोजत नाही, तयार झालेल्या रंगाची घनता मोजतो. समुद्राच्या खारेपणाला धरून बसवलेला असल्यामुळे गोड्या पाण्यातलं सोड्याचं द्रावण त्यात टाकलं तर उत्तर भरकटतं. त्याच्यासाठी कंपनीचंच प्रमाण-द्रावण घ्या, किंवा टँकचं पाणी तपासलेल्या टायट्रेशन किटने मोजून दोन्ही आकडे शेजारी मांडा. पडद्यावर ८.२ असं ठसठशीत दिसतं म्हणून तो दशांश खरा असतो असं नाही. डीकेएचच्या मॉडेलची अचूकता कंपनीच ±०.३ अधिक वाचनाच्या ५ टक्के अशी देते, म्हणजे आठावर ±०.७. मग वाद होतो असा की एकाचा चेकर ८.५ म्हणतो, दुसऱ्याची किट ७.८, आणि दोघंही आपापल्या मर्यादेत बरोबर असतात. चेकर चांगला चालतो तो सारखेपणासाठी: एकच काचकुपी, तिच्यावरची खूण दर वेळी त्याच बाजूला, बाहेरून मऊ कापडाने पुसलेली, आत बुडबुडे नाहीत. थंडीत खोली १२ अंशांवर आणि टँक २५ वर असला की कुपीच्या आत वाफ धरते, ती थोडी निवू द्यावी. अभिकर्मक ०.०५ मिलिलिटरने कमी-जास्त झाला की पाच टक्के तिथेच गेले, त्यामुळे ती सिरिंजही काट्यावर तोलून पाहा.

ज्यांना सगळ्यांवरचं कोर्ट हवं त्यांच्यासाठी पीएच मीटर. कॉलेजात असते तशी ५० मिलिलिटरची ब्युरेट, ०.०२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, १०० मिलिलिटर टँकचं पाणी. मीटर ४ आणि ७ च्या बफरवर लावून घ्यायचं, पाणी सतत ढवळत ठेवायचं, ४.५ ला थांबायचं. ब्युरेटचा प्रत्येक मिलिलिटर ०.५६ डीकेएचचा, म्हणजे आठाला १४.३ मिलिलिटर, आणि ब्युरेटची बारीक रेघ ०.०५६ ची. मीटर ०.१ ने चुकला तरी निकालात ०.१ डीकेएचच्या आतच फरक पडतो. शेवटाजवळ सामू थोडा मागे सरकत राहतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, म्हणून अर्धा मिनिट थांबून वाचायचं. रंगाचा प्रश्नच उरत नाही. रोज करण्यासारखं हे नव्हे, महिन्यातून एकदा किटचा कान धरायला पुरे. आम्ल तयार, प्रमाणित बाटलीचंच घ्या. घरी पातळ करायच्या भानगडीत पडलात तर ते आम्लसुद्धा सोड्याच्या द्रावणावर तपासावं लागतं.

थेंब मोजायच्या एपीआयसारख्या किटबद्दल एवढंच: ५ मिलिलिटरला एक थेंब म्हणजे १ डीकेएच, प्रवाळांसाठी ते फार ढोबळ. १० मिलिलिटर घेतलं की थेंब अर्ध्याचा होतो. बाटली सरळ उभी धरायची, तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो.

कुठलीही किट उघडण्याआधी एक गोष्ट बघायची असते आणि ती अल्कलिनिटी नाही. खारेपणा. एप्रिलमध्ये नाशिकची कोरडी हवा आणि टँकवर लावलेला पंखा मिळून पाणी झपाट्याने उडवतात. मीठ राहतं, अल्कलिनिटीही राहते, पाणी तेवढं जातं. खारेपणा हजारी ३५ वरून ३६.५ झाला की ८ ची अल्कलिनिटी काही न करता ८.३ होते. आधी गोडं पाणी भरून पातळी खुणेवर आणा, तासभर मिसळू द्या, रिफ्रॅक्टोमीटरने ३५ पाहा, मग मोजा. रिफ्रॅक्टोमीटर इथे घरोघरी ओळखीचा, द्राक्षाची साखर त्यानेच बघतात. पण ब्रिक्सचा तो वेगळा, मिठाचा वेगळा, त्यांची अदलाबदल चालत नाही.

मिठाची नवी पिशवी फोडली की तिचंही कालवलेलं पाणी मोजा. कंपनीगणिक ते ७ पासून ११-१२ पर्यंत काहीही असतं. ११ चं पाणी वापरून पाचवा हिस्सा बदलला तर ८ चा टँक एका दुपारी ८.६ होतो, आणि माणूस डोसिंग पंपाला दोष देत बसतो. कसारा घाट उतरून समुद्राचं पाणी कॅन भरून आणण्याचा विचार कुणाला सुचलाच तर पावसाळ्यात तरी नको, किनाऱ्याजवळ ते पातळ झालेलं असतं.

वेळही एकच हवी. प्रवाळ उजेडात जास्त सांगाडा बांधतात आणि डोस बहुधा ठरावीक तासांना पडतो, त्यामुळे एकाच दिवसात सकाळ-संध्याकाळ अर्ध्या अंशाचा फरक पडू शकतो. दिवे लागायच्या आधीची, डोसपासून लांबची वेळ ठरवून टाका.

आणि मग ज्यासाठी हे सगळं, तो रोजचा खप. डोस बंद करून आज ८.५, उद्या ८.० असं मोजलं तर खप ०.५ वाटतो, पण दोन्ही वाचनांत ०.१५ ची चूक धरली तर तो ०.३ ही असेल, ०.७ ही. तोच आकडा तीन दिवसांनी घ्या: ८.५ वरून ७.१. चूक तेवढीच, पण तिघांत वाटली गेली. खप रोजचा ०.४७, थोडा इकडेतिकडे. सातच्या खाली जाऊ द्यायचं नाही, म्हणून तीन दिवस पुरे.

चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टँकमध्ये कागदावर २५५ लिटर मावतात. दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की २०० च्या आसपास उरतात, हिशेब त्यावर करायचा. ०.४७ गुणिले २०० गुणिले ३० मिलिग्रॅम म्हणजे रोज २.८ ग्रॅम खायचा सोडा, पाण्यात विरघळवून, वाहत्या जागी हळूहळू. कॅल्शियमच्या द्रावणाची नळी त्याच जागी नको, दोन्ही भेटले की पाणी दुधाळ होतं. अल्कलिनिटी खाली गेली असेल तर भरून काढताना दिवसाला एका डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. डोस बदलायचा तर तीन वाचनं एकाच दिशेला गेल्यावर, आणि तेही दहा टक्क्यांनी. एका वाचनाने ०.३ ची उडी मारली की त्या दिवशी फक्त चाचणी परत करायची, सोड्याच्या डब्याला हात लावायचा नाही.

वहीत तारीख आणि आकडा तर सगळेच लिहितात. त्यात वेळ, खारेपणा आणि किटच्या बाटलीचा बॅच नंबर असे तीन रकाने वाढवा. जुनी बाटली संपत आली की नवी आणून एकाच पाण्याची दोन्हींनी चाचणी करायची आणि दोन्ही आकडे त्याच ओळीत लिहायचे. जुनी पूर्ण रिकामी होईपर्यंत थांबलात, तर ही ओळ भरता येत नाही.